कॅमेऱ्याला नमस्कार करू नये

प्रत्येक घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी लटकलेली असते, आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. त्या कुणी मुद्दाम जमवत नाही. एक ओढायला जावं तर चार खाली पडतात. माझ्याकडे किश्श्यांचं असंच झालंय. मैत्रिणी म्हणतात, लीला, लिहून काढ. म्हणून बसले.

मी मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. वाढले येरवड्यात, नोकरी टेलिफोन ऑपरेटरची, आता सत्तरी ओलांडून कर्वेनगरच्या सोसायटीत एकटी राहते. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला रिटायर झाल्यावर शिकले. कुणी शिकवलं नाही. बायका विचारतात, क्लास कुठला लावलास? क्लास लावला असता तर इतकं आलं नसतं.

विमल माझ्या समोरच्या दारात राहते. मंडईत तिचा मिरची-लिंबाचा गाळा. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला. जीभ तर हॉस्पिटलातच सुधारली, नर्स साक्षीला आहेत. उजवा हात मात्र राहिला. कोपर पोटाला चिकटलेलं, मूठ वळलेली. डॉक्टर म्हणाले, जेवढं यायचं तेवढं आलं. विमल त्या हाताला ‘पाहुणा’ म्हणते. आला, बसला, आता उठायचं नाव नाही.

मी तिच्या सुनेसमोर आणि सोसायटीतल्या चार बायकांसमोर म्हणून बसले, "हा पाहुणा मी उठवते."

बोललेलं मागे घेण्याची मला सवय नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालेलं आहे.

*

व्हिडिओ गेमबरोबर पूर्वी एक कॅमेरा यायचा. त्याच्यासमोर माणूस हलला की पडद्यावरचा खेळाडू हलायचा. आता तो निघत नाही. तो वापरून लोक हातापायांचे व्यायाम करून घेतात, असं मी नेटवर वाचलं होतं. मग काय, रविवारी सकाळी जुना बाजार गाठला.

एक माणूस चादरीवर पंखे, रिमोट, मिक्सरची भांडी मांडून बसला होता. मध्ये तो लांबोडका काळा कॅमेरा.

"घ्या मावशी, स्पीकर आहे. आवाज एकदम खणखणीत."

म्हटलं, वाजव. तर म्हणे वायर नाही.

"मग आवाज खणखणीत आहे हे तुला कसं कळलं?"

तो हसला. मीही हसले, पण मग राहवलं नाही. त्याला सांगितलं की बाबा, हा स्पीकर नाही, कॅमेरा आहे. साधा फोटो काढणारा नाही. समोरची वस्तू किती लांब आहे ते याला कळतं, माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे, कोपरं, मनगटं हा शोधून काढतो. त्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली. 

मग हळूच म्हणाला, "म्हणजे इतके दिवस हा मला बघत होता?"

*

प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवलं. ते उघडलं की पडद्यावर इतक्या खिडक्या उघडतात की आपण कुठल्या तरी कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये चुकून शिरलो असं वाटतं. एक स्वल्पविराम राहिला तरी खाली लाल नागमोडी रेघ. सासूसुद्धा इतक्या बारकाईने बघत नसे.

वरच्या मजल्यावरचे जोशी रिटायर्ड इंजिनियर. ते एकदा डोकावले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "लीलाताई, हे सगळं रेडीमेड मिळतं हो आजकाल."

"चकलीही मिळते," मी म्हटलं, "तरी दिवाळीत तुमच्या घरून भाजणीचा वास येतोच ना?"

तेव्हापासून ते डोकावत नाहीत, सरळ आत येऊन बसतात.

पण त्या सॉफ्टवेअरमधली एक सोय अशी आहे की तिच्यापुढे मी आजही थक्क होते. कुठल्याही ओळीच्या डाव्या बाजूला क्लिक करा, तिथे लाल ठिपका येतो. प्रोग्रॅम धावत धावत त्या ओळीवर आला की जागच्या जागी थिजतो. एक पाय हवेत, अशा अवस्थेत. मग आपण निवांत हिंडायचं, प्रोग्रॅम आपले आकडे ज्यांत ठेवतो त्या प्रत्येक डबीचं झाकण उघडून बघायचं. हिच्यात आत्ता काय आहे, तिच्यात काय आहे, कुठे गडबड झाली. बघून झालं की एक बटण दाबायचं. तो बिचारा हवेतला पाय खाली टेकवून पुढे चालू लागतो. त्याला पत्ताही नसतो!

मी हे विमलला दाखवलं. 

"हे संसारात हवं होतं," म्हणाली. "नवरा तोंड उघडायच्या आत थांबवायचा, आत काय चाललंय बघायचं, आणि मग ठरवायचं."

*

पहिल्यांदा कॅमेरा चालू झाला तो दिवस सांगते.

बऱ्याच खटपटीनंतर लाल रेघा संपल्या आणि ‘बिल्ड सक्सीडेड’, म्हणजे जुळलं एकदाचं, अशी अक्षरं आली. लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर घेतलं, टीव्हीखाली कॅमेरा ठेवला आणि समोर जाऊन उभी राहिले. पडद्यावर आधी नुसता राखाडी धूर होता. मग त्या धुरातून एक काड्यांचा माणूस उभा राहिला. डोकं, मान, दोन खांदे, पाठीचा कणा, सांध्यासांध्यावर एकेक ठिपका. मी हात हलवला, त्याने हलवला. मी मान वाकडी केली, त्यानेही. पडदे ओढले, दिवे मालवले, खोलीत मलाच माझा हात धड दिसेना. त्याला दिसत होता.

माझी पाठ किंचित डावीकडे कललेली आहे. वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून एका बाजूला झुकून बसण्याचं ते फळ. डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही, आरशात कधी दिसलं नाही. त्या काड्यांच्या माणसात ते स्वच्छ दिसलं. माझी सगळी नोकरी तिथे उभी होती. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिले. तोही हलला नाही. कसा हलेल?

विमलला बोलावून आणलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. पडद्यावर तीन माणसं!

मी तर गारच पडले. मागे वळून बघितलं तर दाराच्या खुंटीवर जोशींचा रेनकोट. आदल्या दिवशी विसरून गेले होते. मशीनने त्याला खांदे दिले होते, हात दिले होते, डोकंसुद्धा दिलं होतं.

विमल शांतपणे म्हणाली, "विचार त्याला, चहा घेतो का. खऱ्या जोशांपेक्षा कमी बोलेल."

*

याच कॅमेऱ्याची आणखी एक गंमत. मी वाचलं की तो समोर अदृश्य प्रकाशाचे हजारो ठिपके फेकतो आणि ते कुठे कसे पडले त्यावरून अंतर ओळखतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण काही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतात. माझ्या मोबाइलमधून दिसेनात. विमलची सून स्मिता तिचा जुना फोन घेऊन आली. भर दुपार होती. पडदे ओढले, आणि फोन खोलीभर फिरवला.

काय सांगू! भिंतीवर, कपाटावर, पाण्याच्या माठावर, सगळीकडे चांदणं. बारीक, गच्च, पोहे सांडल्यासारखं. फोन बाजूला केला की साधी अंधारी खोली. फोन धरला की चांदणं. आम्ही तिघी लहान मुलींसारख्या एकमेकींच्या हातातून फोन ओढत होतो. स्मिताच्या नाकावर ठिपके, माझ्या पांढऱ्या केसांत ठिपके.

मग विमलने डाव्या हाताने फोन धरून स्वतःच्या उजव्या हातावर रोखला. वळलेल्या मुठीवर, एकेका पेरावर ठिपके पडले होते.

झटक्यानंतर पहिल्यांदाच मी तिला त्या हाताकडे इतका वेळ बघताना पाहिलं.

"एवढं सगळं," ती म्हणाली, "ह्या पाहुण्याला बघायला?"

*

साड्यांचा प्रश्न आला. मशीन शोधतं गुडघे, आणि साडीत गुडघे कुठून सापडणार? सोसायटीच्या बायका कौतुकाने बघायला आल्या तर पडद्यावर प्रत्येकीचं वरचं अंग झकास आणि खाली पाय मात्र वाऱ्यावर. कुणाचे एकमेकांत गुंतलेले, कुणाचे चक्क कमरेतून आडवे गेलेले. एकीच्या पदराला तर मशीनने हात समजून कोपर दिलं.

मी फर्मान काढलं, व्यायामाला पंजाबी ड्रेस. विमलने जन्मात घातला नव्हता. स्मिताने आपला एक सैल करून दिला. तो घालून विमल आमच्या दोन दारांच्या मधल्या जागेत आली आणि थबकली. नेमके जोशी जिना उतरत होते.

जोशी म्हणाले, "अरे वा, विमलताई, ओळखू आला नाहीत."

"मग बोललात कशाला?" विमल म्हणाली आणि आत आली.

*

आता पाटीचा किस्सा.

पहिला प्रोग्रॅम मी साधाच लिहिला होता. हात वर, हात खाली, मशीन मोजणार. सोसायटीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांना आधी करून बघायला लावलं. प्रत्येकीचं सगळं नीट व्हायचं आणि अगदी शेवटी बिघडायचं. उजव्या हाताचा ठिपका गायब, आणि खाली लाल अक्षरांत मीच लिहिलेलं वाक्य: ‘उजवा हात सापडत नाही.’ मग प्रोग्रॅम बंद.

मी कितीतरी दिवस तो दोष शोधत होते. लाल ठिपके लावून प्रोग्रॅम थांबवला, सगळ्या डब्या उघडल्या. जोशींनीही उघडल्या. प्रोग्रॅममध्ये काहीच चूक नाही. मी स्वतः उभी राहिले की उत्तम चालायचा, बायका आल्या की शेवटी मान टाकायचा.

शेवटी एक दिवस मी लॅपटॉप सोडून बायकांकडे बघत बसले, आणि डोक्यात प्रकाश पडला. व्यायाम संपला की प्रत्येक बाई टीव्हीसमोर हात जोडत होती. यंत्राला नमस्कार! ज्याने काम केलं त्याला हात जोडायचे, ही सवय. दोन तळवे एकमेकांना टेकले की मशीनला दोन हात वेगळे ओळखता येईनात, म्हणून ते एक हात हरवल्याची तक्रार करत होतं. मी विहारात हात जोडते, टीव्हीपुढे कशाला जोडू? म्हणून माझ्या वेळी तो बिघडत नव्हता.

तोंडाने सांगून बघितलं. हो हो म्हणायच्या आणि पुन्हा जोडायच्या. हात आपोआपच जुळायचे. तेव्हा पुठ्ठा घेतला, ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि टीव्हीखाली चिकटवला:

‘कॅमेऱ्याला नमस्कार करू नये. तो परत करत नाही.’

बायका हसल्या. जोशींनी फोटो काढला. विमलने पाटी दोनदा वाचली, मुठीकडे बघितलं आणि म्हणाली, "मला हा नियम लागू नाही, बघ."

 स्मिता चहाचे कप उचलायला लागली, ते अजून भरलेलेच होते.

*

विमलसाठी मी आधी चेंडूचा खेळ केला. पडद्यावर रंगीत चेंडू, हाताने ढकलायचा. तिने एकदा बघितलं आणि खुर्चीत बसून घेतलं. म्हणाली, मी काय बालवाडीत आहे का.

मग मला सुचलं. मंडईत सगळ्यांचे काटे इलेक्ट्रॉनिक झाले तरी विमलच्या गाळ्यावर जुनी हातातली तागडी होती. दांडी धरून उचलायची, तेव्हा दोन्ही पारडी वर येणार. मी पडद्यावर तागडी काढली. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात हिरव्या मिरच्या. विमलचं मनगट जितकं वर जाईल तितकी तागडी जमिनीवरून उठणार.

तिने बघितलं आणि लगेच तोंड सुटलं. मिरच्या अशा असतात का, ही तर भेंडी वाटतेय. देठ कुठाय. पारडं इतकं उथळ, सगळा माल सांडेल. मी मुकाट्याने देठ काढले. पारडं खोल केलं. ती रोज येऊ लागली.

तागडी जमिनीवरून उठली. मग थोडी आणखी. मी सगळ्या सोसायटीला सांगत सुटले. आणि एक दिवस सहज लॅपटॉपवर खांद्याचा ठिपका बघितला, तर खांदाही तितकाच वर! टाचेचाही तेच सांगत होता. हात कोपरातून हललाच नव्हता. बाई चवड्यांवर उभी राहत होती.

मी फटकळ आहे. म्हणाले, "मंडईत असंच मापात मारायचीस का गं?"

विमलने पाहुण्याला डाव्या हातात घेतलं आणि घरी गेली. दार लावून घेतलं. समोरासमोरची दोन दारं, आणि मधली जागा अशी झाली की जशी नदीच.

मी प्रोग्रॅम बदलला. आता मनगटातून खांदा वजा. चवड्यांवर उभं राहा, स्टुलावर उभं राहा, तागडी हलणार नाही. जोशी म्हणाले, लीलाताई, उलट थोडं वाढवून दाखवा, म्हातारीला उभारी येईल. मी म्हटलं, तिला खोटी तागडी ओळखता येते, ती पुन्हा पाऊल टाकणार नाही.

बऱ्याच दिवसांनी दार वाजलं. स्मिता आली असेल म्हणून उघडलं तर विमल. पंजाबी ड्रेस घालून.

"मी फसवत नव्हते," म्हणाली. "मी उचलतच होते. हात उचलेना म्हणून अंग उचललं. दुसरं काय उचलणार होते?"

मी दारातून बाजूला झाले. 

"मशीन लाव," ती म्हणाली.

तागडी त्या दिवशी जमिनीलाच राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग पावसाळा सरला, गणपती आले आणि गेले, आणि पारड्याखाली एक बारीक फट दिसू लागली. खरी. पोस्टाचं तिकीट सरकवता येईल एवढी. मूठही सकाळच्या वेळी जरा ढिली पडायची, दुपारी पुन्हा वळायची. मी त्या फटीकडे रोज बघायची आणि मनात म्हणायची, एवढ्याशा फटीसाठी हजारो ठिपके, एवढं सॉफ्टवेअर, एवढी भांडणं. आणि तरी ती उघडते आहे ती कुणामुळे, हे मला अजूनही सांगता येत नाही.

*

दसऱ्याच्या दिवशी मी विहारातून वंदना करून आले होते. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरी साडीच नेसले होते. तिकडे विमलच्या घरी सकाळीच खऱ्या तागडीची पूजा झाली होती. दहाच्या सुमाराला ती स्मिताला घेऊन माझ्याकडे आली. अंगावर रेशमी साडी, डाव्या हातात झेंडूचं फूल. ते तिने कॅमेऱ्यासमोर ठेवलं, अगदी त्याच्या काचेसमोर.

मी फूल बाजूला सरकवलं आणि म्हटलं, आज सणाचं राहू दे, तर म्हणाली, आजच्या दिवशी काटा बंद ठेवायचा नसतो.

ती टीव्हीसमोर उभी राहिली. मी टेबलाशी लॅपटॉपसमोर, नेहमीसारखी तिच्याकडे पाठ करून. काड्यांचा माणूस उभा राहिला. मनगटाचा ठिपका हलला, वर सरकला, पारड्यांखालची फट दिसली, आणखी सरकला. मी खुर्चीत पुढे झुकले. आणि तेवढ्यात ठिपका गायब. तागडी धाडकन खाली. लाल अक्षरं: ‘उजवा हात सापडत नाही.’

मी चिडले. नेमकं आत्ता!

म्हटलं, विमल, तुझा पदर आड येतोय, सांगितलं होतं ना साडी नको. मागून उत्तर नाही. पदर नसेल तर ऊन. खिडकीतून थेट ऊन आलं की या कॅमेऱ्याचे डोळे दिपतात. स्मिताला म्हटलं, पडदा ओढ. पडदा ओढल्याचा आवाज आला, अर्ध्यात थांबला. लाल अक्षरं तशीच.

मग प्रोग्रॅमच. मी लाल ठिपका लावला, सगळं जागच्या जागी थांबवलं, डब्या उघडायला लागले. डोकं आहे. मान आहे. दोन्ही खांदे सरळ, टाचा जमिनीला. डावा हात आहे, छातीसमोर. उजवा हात नाही. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. केबल काढून लावली. तेच.

"हलू नकोस," मी पाठमोरीच म्हणाले, "मशीनने तुझा हात हरवलाय. सापडू दे."

खोलीत अजिबात आवाज नव्हता. स्मिता एवढा वेळ गप्प राहणारी मुलगी नाही.

"विमल," मी म्हटलं, "काय करत्येस काय तू?"

"तुझी पाटी वाचत्येय," विमल म्हणाली. "फार उद्धट लिहिलीयेस."